अंतकाळी दिलेला शब्द : लोकमान्य टिळक आणि बाबा महाराजांचे मृत्युपत्र



दरवर्षी १ ऑगस्टला आपण लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांचे पुण्यस्मरण करतो. सार्वजनिक गणेशोत्सवाचे प्रवर्तक, ‘केसरी’चे संपादक, मंडालेच्या कारागृहात ‘गीतारहस्य’ लिहिणारे चिंतक ही त्यांची रूपे सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या चरित्रातील एक अध्याय मात्र क्वचितच सांगितला जातो. एका मित्राच्या मृत्युपत्राची जबाबदारी त्यांनी पत्करली आणि ती जवळजवळ तेवीस वर्षे वाहिली. ज्यांच्या पश्चात घर, शेती आणि दानधर्म यांची व्यवस्था लागायची आहे, अशा प्रत्येकाने हा अध्याय वाचावा असे वाटते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. पुढे पुण्यात शिक्षण घेऊन त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. परंतु वकिलीऐवजी शिक्षण व वृत्तपत्र हे क्षेत्र निवडले. कायद्याचे ज्ञान त्यांनी विद्यार्थ्यांना शिकविले आणि लोकांच्या कामी लावले. त्यामुळे घरगुती व्यवहारातील सल्ल्यासाठी अनेक जण विश्वासाने त्यांच्याकडे येत.

१८९७ च्या जुलै अखेरीस राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली. ४ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला आणि ते पुण्यास परतले. त्याच दिवसांत त्यांचे स्नेही, पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित उर्फ बाबा महाराज पटकीने आजारी पडले. ७ ऑगस्टला, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी मृत्युपत्र केले आणि टिळकांचे नाव विश्वस्तांत घातले. त्याच दिवशी त्यांनी प्राण सोडला. स्वतःवर खटला उभा असताना, तुरुंगवास अटळ दिसत असताना टिळकांना नकार देता आला असता, आणि त्याबद्दल कोणी दोषही दिला नसता. तरीही मरणाऱ्या मित्राला त्यांनी शब्द दिला.

मृत्युपत्राचा आशय थोडक्यात असा होता. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज त्या वेळी गरोदर होत्या. पुत्र झाला नाही, किंवा होऊन जगला नाही, तर कुळ चालविण्यासाठी विश्वस्तांच्या विचाराने ताई महाराजांच्या मांडीवर दत्तक द्यावा आणि तो सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी मिळकत सांभाळावी. विश्वस्तांत अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हेही होते.

सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. ते कारागृहात असतानाच, जानेवारी १८९८ मध्ये ताई महाराजांना पुत्र झाला; परंतु दोन महिन्यांच्या आतच तो दगावला. मृत्युपत्रात ज्या प्रसंगाची तरतूद होती, तोच प्रसंग ओढवला. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटून आल्यावर टिळकांनी या कामात लक्ष घातले. मिळकतीवर कर्ज होते, म्हणून खर्चाला आळा घालणे भाग होते. ताई महाराज वयाने लहान होत्या. घरातील खर्चावर परक्यांचा अंकुश असणे त्यांना रुचले नाही, आणि जवळच्या मंडळींनी त्या नाराजीत भर घातली.

दत्तकासाठी पंडित घराण्याच्या निधोने येथील शाखेतील मुलगा पाहण्याचे ठरले. ही शाखा निजामाच्या राज्यात होती. आपला आदिलाबादचा मुलूखही त्या काळी त्याच राज्यात होता, हे येथे आठवते. जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे व ताई महाराज औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) गेले. तेथे जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. परंतु पुण्यास परतल्यावर ताई महाराजांनी ते दत्तविधान झालेच नाही अशी भूमिका घेतली. विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला मिळालेली न्यायालयाची मान्यता, रद्द व्हावे म्हणून त्यांनी अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरात बाळा महाराज यांना दत्तक घेतले. एका मिळकतीला आता दोन वारस झाले.

पुढील तीन वर्षांत टिळकांवर जे ओढवले, त्याची कल्पनाही विश्वस्तपद स्वीकारताना कोणी करीत नाही. एप्रिल १९०२ मध्ये पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी प्रोबेट रद्द केले. इतकेच नव्हे, तर खोटी शपथ, बनावट पुरावा अशा आरोपांखाली टिळकांवर फौजदारी कारवाईचा हुकूम दिला. प्रोबेटबाबतचा निर्णय उच्च न्यायालयाने पुढे फिरविला, परंतु फौजदारी खटला चालूच राहिला. ऑगस्ट १९०३ मध्ये दंडाधिकारी क्लेमेंट्स यांनी त्यांना दीड वर्ष सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा दिली. जानेवारी १९०४ मध्ये अपिलात ती सहा महिन्यांवर आली. पण दोष कायम राहिला आणि टिळकांना काही दिवस कारागृहात काढावे लागले. अखेर मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या पीठाने त्यांना निर्दोष मुक्त केले. राजद्रोहाची शिक्षा देशकार्यासाठी भोगलेली होती; येथे मात्र प्रश्न त्यांच्या सचोटीचा होता, आणि म्हणूनच ही मुक्तता त्यांच्या दृष्टीने मोलाची होती.

दिवाणी दावा मात्र संपला नव्हता. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने औरंगाबादचे दत्तविधान ग्राह्य धरले. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल उलटविला; त्या वेळी टिळक मंडालेच्या बंदिवासात होते. जून १९१४ मध्ये ते सुटले, आणि २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथ महाराजांचे दत्तविधान खरे ठरविले. एखाद्या साक्षीदाराला खोटे ठरवायचे असेल, तर त्या मुद्द्यावर खुलासा करण्याची संधी त्याला आधी उलटतपासणीत दिली पाहिजे, असे तत्त्व या निकालात स्पष्टपणे मांडले गेले. आजही भारतातील न्यायालये या तत्त्वासाठी त्या निकालाचा आधार घेतात.

त्यानंतरही मिळकतीची प्रकरणे रेंगाळत राहिली. १९२० च्या जुलै महिन्यात टिळक याच कामासाठी मुंबईस गेले. तेथेच आजारी पडून १ ऑगस्ट १९२० रोजी ते निवर्तले. १८९७ च्या ऑगस्टमध्ये दिलेला शब्द त्यांना अखेरपर्यंत बांधून होता.

एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. स्वतः टिळकांच्या पश्चात ‘केसरी’ व ‘मराठा’ यांच्या विश्वस्तव्यवस्थेवरून त्यांचे पुत्र आणि विश्वस्त यांच्यात कटू वाद झाला. मृत्युपत्रांचा इतका अनुभव असलेल्या पुरुषाच्या घरीही तो टळला नाही. कागद आवश्यक आहेच. परंतु त्यामागील हेतू घरातील माणसांच्या मनात उतरला नसेल, तर कागदावरूनच तंटा उभा राहतो.

या चरित्रातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मृत्युपत्र प्रकृती ठणठणीत असताना करावे. बाबा महाराजांना एकच दिवस मिळाला. आजच्या कायद्यानुसार साधारणतः मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दुसरी, व्यवस्थापक नेमताना त्याला आधी विचारावे आणि कर्ज, दस्तऐवज, देणीघेणी दाखवून ठेवावीत. आणि तिसरी, ज्यांच्यावर या व्यवस्थेचा परिणाम होणार, त्यांना ती आपल्या तोंडाने सांगावी. ताई महाराजांना पतीची इच्छा पतीकडून शांतपणे समजून घेण्यास अवधीच मिळाला नाही. पुढच्या सगळ्या कलहात त्या तरुण विधवेचेही दुःख होते, हे विसरता येत नाही.

देवाला जमीन किंवा दागिना अर्पण करण्याचा संकल्प अनेक भाविक तोंडी बोलून दाखवितात. तो संकल्पही लेखी आणि घरच्यांच्या संमतीने व्हावा, ही नम्र विनंती. ज्यांनी विश्वस्त म्हणून कुणाचा शब्द घेतला आहे, त्या आपण सर्वांनी तो किती काळ पाळावा लागतो हे लोकमान्यांकडून शिकावे.

॥ शुभं भवतु ॥

सचिव,
न्यास कार्यालय, जिल्हा आदिलाबाद