योसेफ युंगमान : चेक भाषेचा संसार उभा करणारा शिक्षक

घरात एक भाषा आणि शाळा-कचेरीत दुसरी, हा अनुभव बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथल्या मराठी कुटुंबांना नवा नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी युरोपातील बोहेमिया प्रांतात चेक लोकांची स्थिती याहून बिकट होती. त्यांची भाषा शेतात, स्वयंपाकघरात आणि बाजारात उरली होती. वरचे शिक्षण आणि सरकारी कारभार जर्मन भाषेत चाले. या भाषेला पुन्हा ग्रंथांची भाषा करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत योसेफ युंगमान यांचे नाव अग्रभागी आहे.

युंगमान यांचा जन्म १६ जुलै १७७३ रोजी प्रागच्या पश्चिमेला असलेल्या हुडलित्से या लहान गावी झाला. वडील चांभारकाम करीत. भावंडे पुष्कळ आणि परिस्थिती बेताची. मुलगा शिकू लागला तो जर्मनमधून. शिकता शिकता त्याची मातृभाषा इतकी अडखळू लागली, की घरी आल्यावर एका नातेवाईक बाईंनी त्याची थट्टा केली. ही थट्टा त्याच्या मनाला लागली आणि तेव्हापासून त्याने चेक भाषेचा अभ्यास मनावर घेतला, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते.

१७९९ मध्ये ते लितोम्येर्झित्से या गावी शिक्षक म्हणून रुजू झाले. गावात जर्मन भाषकांचे प्राबल्य होते आणि शाळेत चेक हा विषयच नव्हता. युंगमान यांनी इच्छुक विद्यार्थ्यांना तो विनामोबदला शिकवायला सुरुवात केली.

याच गावात त्यांनी इंग्रज कवी मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य चेकमध्ये आणण्याचे काम हाती घेतले. त्या काळी बोहेमियात इंग्रजी जाणणारे थोडे होते. मूळ इंग्रजीबरोबर जर्मन आणि पोलिश भाषांतरेही युंगमान यांनी जवळ ठेवली. खरी अडचण शब्दांची होती. स्वर्ग, नरक, देवदूतांचे युद्ध आणि आदम-हव्वेची बाग उभी करायची, तर बोलीतले शब्द पुरत नव्हते. मग त्यांनी जुने चेक ग्रंथ धुंडाळले. तिथे सापडले नाही ते पोलिश आणि रशियन या बहिणींकडून घेतले. तिथेही नसेल तर चेकच्या धातूंतून नवा शब्द घडवला. १८११ मध्ये हे भाषांतर प्रसिद्ध झाले आणि चेक भाषेत उच्च दर्जाचे काव्य होऊ शकते, हे लोकांना दिसले.

त्या पिढीने आणलेले कितीतरी शब्द आज चेक माणूस सहज वापरतो. हवेसाठीचा 'व्झदुख' आणि निसर्गासाठीचा 'प्शिरोदा' हे शब्द रशियनमधून आले. मोहकपणासाठीचा 'पूवाब' पोलिशमधून आला. हे परके होते, हे आता कोणाच्या ध्यानीही येत नाही. सगळेच नवे शब्द मात्र रुजले नाहीत. हातरुमालासारख्या साध्या वस्तूला लांबलचक नावे जोडून लोकांनी शब्द घडवणाऱ्यांची खिल्ली उडवली. आपल्याकडे रेल्वेच्या सिग्नलवरून होणारा विनोद याच जातीचा. शब्द राहील की जाईल, याचा निवाडा शेवटी बोलणारेच करतात.

सगळे विद्वानही त्यांच्या बाजूचे नव्हते. चेक भाषेचे थोर अभ्यासक योसेफ दोब्रोव्स्की स्वतः बहुतेक लेखन जर्मन आणि लॅटिनमध्ये करीत, आणि चेक पुन्हा उच्च साहित्याची भाषा होईल याची त्यांना फारशी खात्री नव्हती. युंगमान यांनी वादापेक्षा कामावर भर दिला. १८१५ मध्ये ते प्रागला आले आणि तिथेही शिक्षकच राहिले. १८२० मध्ये साहित्यशास्त्राचे पुस्तक आणि १८२५ मध्ये चेक साहित्याचा इतिहास त्यांनी प्रसिद्ध केला.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे पाच खंडांचा चेक-जर्मन शब्दकोश. लिंडे यांचा पोलिश कोश त्यांच्यासमोर नमुना म्हणून होता. शाळेची नोकरी सांभाळून तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी शब्द जमवले. जुन्या पोथ्यांतले, खेड्यांतल्या बोलींतले आणि नव्याने घडवलेले शब्द त्यात एका पंगतीला बसले. १८३४ ते १८३९ या काळात छापल्या गेलेल्या या कोशात सुमारे १,२०,००० शब्द आहेत. चेक ग्रंथांच्या प्रकाशनासाठी १८३१ मध्ये स्थापन झालेल्या 'मातित्से चेस्का' या संस्थेने छपाईला साहाय्य केले. पुढच्या लेखक-भाषांतरकारांना अडलेला शब्द शोधायला हक्काची जागा मिळाली.

१८४० मध्ये युंगमान प्राग विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्या विद्यापीठातले अध्यापन तेव्हाही प्रामुख्याने जर्मनमध्येच चाले. १४ नोव्हेंबर १८४७ रोजी त्यांचे निधन झाले. १८८२ मध्ये त्याच विद्यापीठाचे जर्मन आणि चेक असे दोन भाग झाले आणि चेक भाषेला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. ते पाहायला युंगमान नव्हते. प्रागमधील एका चौकाला त्यांचे नाव आहे आणि तिथे त्यांचा पुतळाही आहे.

त्यांच्या हाती सत्ता नव्हती, संपत्तीही नव्हती. शिक्षकाचा पगार, शाळा सुटल्यानंतरचा वेळ आणि विनामोबदला चालवलेला भाषेचा एक वर्ग, एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. आपल्या मंडळांच्या मराठी वर्गांत मुले चारच आली म्हणून खंत वाटते, तेव्हा लितोम्येर्झित्सेचा तो वर्ग जरूर आठवावा.