एमी नोएथर : वेतनावाचून विद्यादान

जर्मनीतील एर्लांगेन येथे २३ मार्च १८८२ रोजी एमी नोएथर यांचा जन्म झाला. वडील माक्स नोएथर तेथील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. कन्येस मात्र तेथे प्रारंभी नुसते श्रोता म्हणून बसण्याची मुभा होती. रीतसर नाव दाखल झाले ते १९०४ साली. १९०७ मध्ये गोर्डान यांच्या हाताखाली त्यांनी प्रबंध पुरा केला. त्यात ३३१ राशींची जंत्री होती. पुढे बाई स्वतःच तिला नाक मुरडीत.

त्यांचे खरे कार्य समजण्यास एक साधे उदाहरण पुरे. भूमितीश्रेढीतील चार संख्या घ्या : १, २, ४, ८. दुसरीचा वर्ग म्हणजे पहिली व तिसरी यांचा गुणाकार. तिसरीचा वर्ग म्हणजे दुसरी व चौथी यांचा. आणि टोकांचा गुणाकार मधल्या दोहोंच्या गुणाकाराइतका. अशा प्रत्येक चौकडीस लागू पडणारी बहुपदी समीकरणे अगणित आहेत, पण ती सारी या तीन समीकरणांतून निघतात, आणि तिन्हींचा घात अवघा दोन! समीकरणांच्या अशा कुळास गणिती ‘आयडियल’ म्हणतात. प्रत्येक कुळाला मोजके मूळपुरुष असतातच, हे हिल्बर्ट यांनी १८९० साली सिद्ध केले. परंतु ते कोणत्या घातापर्यंत शोधावेत, हे त्या सिद्धतेतून कळेना. गोर्डान यांस ती रुचली नाही, यात नवल ते काय?

१९१५ मध्ये हिल्बर्ट व क्लाइन यांनी बाईंना ग्यॉटिंगेनला बोलावले. स्त्रीस अध्यापनाचा अधिकार नाही, म्हणून व्याख्याने हिल्बर्ट यांच्या नावे जाहीर होत. देत मात्र बाई. याच काळात, सांत गटाच्या अविकारी राशींचे मूळपुरुष गटाच्या सदस्यसंख्येहून अधिक घाताचे घ्यावे लागत नाहीत, हे त्यांनी दाखविले. अधिकार मिळाला १९१९ साली, तोही बिनपगारी. १९२१ च्या निबंधात त्यांनी आयडियलांची उपपत्ती अशी मांडली की बीजगणिताचा चेहराच पालटला. त्यांची शिष्या ग्रेटे हेर्मान हिने १९२६ मध्ये, आयडियलांची आकडेमोड किती घातांच्या आत आटोपते, याची मर्यादा आधीच सांगता येते असे सिद्ध केले. मर्यादा अवाढव्य खरी, पण ती आहे!

१९३३ साली ज्यू म्हणून ही नोकरीही गेली. बाई अमेरिकेतील ब्रिन मॉर येथील महिला महाविद्यालयात शिकवू लागल्या. शस्त्रक्रियेनंतर १४ एप्रिल १९३५ रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी तेथील ग्रंथालयाच्या ओवरीखाली पुरल्या आहेत.