आल्झायमर यांचा केसपेपर

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण वॉर्डात आला की आमचे विद्यार्थी आधी त्याच्या एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरतात. रुग्ण काय बोलतो असे विचारले, तर केसपेपरवर एकच शब्द असतो, असंबद्ध. मग मी त्यांना डॉ. अलॉइस आल्झायमर यांच्याबद्दल सांगतो.

१८६४ साली बव्हेरियातील मार्क्टब्राइट गावी जन्मलेले आल्झायमर १८८८ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. दिवसा वॉर्ड आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम. १९०१ च्या सुरुवातीला पत्नी वारली, पदरी तीन लहान मुले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर तिथे दाखल झाल्या. नवऱ्यावर विनाकारण संशय, वस्तू कुठेतरी लपवून ठेवणे, स्वयंपाकात चुका, अशा तक्रारी होत्या.

आल्झायमर त्यांच्याजवळ बसले. नाव विचारले, नवऱ्याचे नाव विचारले. बाईंनी दोन्ही वेळा स्वतःचेच नाव सांगितले. जेवणात डुकराचे मांस आणि फ्लॉवर होता. काय खाता म्हटल्यावर त्यांनी पालक सांगितला. तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक उत्तर बाईंच्याच शब्दांत टिपलेले. औषध तर काही नव्हतेच. (आजही हा आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही, हे नातेवाइकांना सांगताना माझा आवाज अजून खाली येतो.)

पुढे ते म्युनिकला क्रेपेलिन यांच्याकडे गेले, पण बाईंची खबर घेत राहिले. एप्रिल १९०६ मध्ये त्या वारल्यावर त्यांचा मेंदू म्युनिकला मागवून घेतला. पेशींच्या बाहेर साचलेले प्रथिनांचे थर आणि आत तंतूंचा गुंता त्यांना दिसला. नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा कुणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला आल्झायमर यांचे नाव दिले. १९१५ साली आल्झायमर गेले, तेही ५१ व्या वर्षी.

ऑगस्टेबाईंचा केसपेपर पुढे अनेक दशके कुणाला सापडत नव्हता. १९९५ मध्ये तो फ्रँकफुर्टच्या जुन्या दप्तरात मिळाला. नाव लिहा म्हटल्यावर सुरुवात करून त्या पुढचे विसरल्या होत्या. तो कागदही त्यात जपून लावलेला आहे.