आरमाराला परीक्षेची शिस्त लावणारा सॅम्युएल पीप्स

सॅम्युएल पीप्सचे नाव घेतले की इंग्रजी साहित्याच्या वाचकाला त्याची रोजनिशी आठवते. १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत लिहिलेल्या त्या वह्यांत लंडनची प्लेगची साथ आणि महाआग जिवंत झाली आहे. मात्र पीप्सचे आयुष्य खर्ची पडले ते आरमाराच्या कचेरीत.

२३ फेब्रुवारी १६३३ रोजी लंडनमधील एका शिंप्याच्या घरी तो जन्मला. केंब्रिजला शिकला. १६६० मध्ये इंग्लंडात राजेशाही परतली, तेव्हा नात्यातील एडवर्ड माँटेग्यू, म्हणजेच सँडविचचा अर्ल, याच्या वशिल्याने त्याला आरमार मंडळाचे चिटणीसपद मिळाले. मुंबई बेट जिच्या हुंड्यात इंग्रजांना मिळाले, त्या राजकन्या कॅथरीनला १६६२ मध्ये लिस्बनहून आणणारा सरदार हाच.

पद मिळाले, पण जहाजांविषयी पीप्सला काहीच ठाऊक नव्हते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो एका जहाजावरील अधिकाऱ्याकडून पाढे शिकला. लाकडाची मोजणी, दोरखंडांची पारख, शिडाच्या कापडाचे भाव हे सारे त्याने गोद्यांत हिंडून आत्मसात केले. कंत्राटदारांच्या भेटी त्यानेही स्वीकारल्या. परंतु माल न ओळखणारा अधिकारी सरकारला बुडवतो, हे तो पुरते उमगला.

१६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसले. पैशाअभावी इंग्रजांची मोठी जहाजे नांगरून पडली होती आणि खलाशांचे पगार थकले होते. डचांनी ‘रॉयल चार्ल्स’ ही युद्धनौका ओढून नेली. पुढील वर्षी पीप्सने संसदेत सुमारे तीन तास बोलून मंडळाची बाजू मांडली.

१६७३ मध्ये तो नौदल खात्याचा सचिव झाला. १६७७ मध्ये संसदेने तीस नव्या युद्धनौकांसाठी निधी मंजूर केला. त्याच वर्षअखेर पीप्सने लेफ्टनंटपदासाठी परीक्षा सक्तीची केली. उमेदवार किमान वीस वर्षांचा असावा, त्याने तीन वर्षे समुद्रावर काढलेली असावीत, त्यांपैकी एक वर्ष मिडशिपमन म्हणून. वर्तणुकीविषयी कप्तानाचा दाखला आणावा आणि नौकानयनाच्या ज्ञानाची तोंडी परीक्षा द्यावी. उमरावांच्या मुलांनाही यातून सूट नव्हती. वशिल्याने आत आलेल्या माणसानेच वशिल्याच्या वाटेवर चौकी बसवली.

१६७९ मध्ये देशद्रोहाच्या आरोपावरून त्याला टॉवरमध्ये डांबण्यात आले. आरोप टिकला नाही. १६८४ मध्ये तो पुन्हा पदावर आला, १६८९ मध्ये निवृत्त झाला आणि २६ मे १७०३ रोजी क्लॅपहॅम येथे निवर्तला.

त्याच्या नियमाला शंभर वर्षे होत असताना, १७७७ मध्ये होरेशिओ नेल्सन हीच परीक्षा उत्तीर्ण झाला. तेव्हा त्याचे वय अठराच होते आणि आरमार मंडळाचा प्रमुख त्याचा सख्खा मामा होता. नाते तेव्हाही उपयोगी पडत होते. पण परीक्षकांसमोर उभे राहणे मात्र नेल्सनलाही चुकले नाही.