हर्मान श्टाउडिंगर आणि सेल्युलोजची साखळी

नववीत बाईंनी फळ्यावर वनस्पतीची पेशी काढली, तिची भिंत सेल्युलोजची असते असं सांगितलं आणि आपण ते वहीत उतरवून घेतलं. सेल्युलोज म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मला खरं तर वनस्पतिशास्त्रच शिकायचं होतं. आधी इंजिनिअरिंग कर, झाडं काय पळून जात नाहीत, असं घरी ठरलं आणि मी सॉफ्टवेअरमध्ये आले. म्हणूनच असेल, हर्मान श्टाउडिंगर मला जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १८८१चा, जर्मनीतल्या वर्म्सचा. ओढ झाडांची. पण झाडं नीट समजायची तर आधी रसायनशास्त्र पक्कं हवं, असा सल्ला मिळाला आणि ते तिकडेच रमले. १९१२ मध्ये झुरिकला प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूच्या वापराला उघड विरोध केला; ते पुढे महागात पडलं.

१९२०पासून ते सांगू लागले, की रबरासारख्या पदार्थांचे रेणू म्हणजे हजारो अणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञांना हे पटेना. त्यांच्या मते ते लहान रेणूंचे नुसते घोळके होते. सेल्युलोजच्या बाबतीत तर क्ष-किरणांचा पुरावाच पुढे केला गेला: स्फटिकाच्या एका एककात ग्लुकोजचे मोजकेच घटक मावतात, मग रेणू त्याहून मोठा कसा? सुती साडीवरची एक बुट्टी मोजायची आणि साडी तेवढीच म्हणायची, तसं हे! १९२६च्या ड्युसेलडॉर्फच्या सभेत ते जवळजवळ एकटे पडले.

मग फ्रायबुर्गला त्यांनी सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून त्याची वेगवेगळी संयुगं बनवली, ती विरघळवली आणि द्रावणाचा दाटपणा मोजला. साखळीची लांबी तेवढीच राहिली. घोळका असता तर तो असा टिकला नसता.

आज आपल्याला ठाऊक आहे, की स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच. सेल्युलोजमध्ये मात्र प्रत्येक घटक आधीच्याच्या उलटा बसतो, त्यामुळे साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरते. एवढ्याशा फरकाने बटाटा आपल्याला पचतो, कापूस पचत नाही.

१९३४ मध्ये नाझी राजवटीत, विद्यापीठाचे रेक्टर असलेले तत्त्ववेत्ते हायडेगर यांनी त्या जुन्या युद्धविरोधावरून त्यांना बडतर्फ करण्याची शिफारस केली. नोकरी कशीबशी वाचली.

१९२८ मध्ये त्यांनी माग्डा यांच्याशी लग्न केलं. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ; पुढे दोघांनी बरोबरीने काम केलं. नोबेल मिळालं १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. १९६५ मध्ये फ्रायबुर्गलाच ते गेले.

मी गेल्या वर्षी एक साधा सूक्ष्मदर्शक घेतला. कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, सगळं आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखंच. बाई, भिंत अगदी स्पष्ट दिसते.