प्राध्यापक मार्श

ओथनिएल चार्ल्स मार्श यांचा जन्म इ. स. १८३१ मध्ये अमेरिकेतील लॉकपोर्ट या गावी झाला. ते तीन वर्षांचेही झाले नव्हते, तोच त्यांची आई पटकीने वारली. वडील शेती करीत. घरची स्थिती बेताचीच होती. गावाजवळ एरी कालव्याच्या रुंदीकरणाचे काम चालू होते. खणून वर काढलेल्या दगडांत प्राचीन जलचरांचे अवशेष सापडत. शेतीच्या कामापेक्षा त्या दगडांतच या मुलाचे मन अधिक रमे.

त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले ते विशीत, आणि तेही लंडनमध्ये पेढी चालविणारे त्यांचे मामा जॉर्ज पीबडी यांच्या साहाय्याने. वर्गातील इतर मुले त्यांच्याहून कितीतरी लहान होती; परंतु त्याचा संकोच त्यांनी मानला नाही. १८६६ मध्ये ते येल विद्यापीठात पुराजीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. मामांच्या देणगीतून तेथे संग्रहालयही उभे राहिले.

पक्षी कोणापासून उत्पन्न झाले, हा त्या काळी मोठ्या वादाचा प्रश्न होता. १८७२ मध्ये कॅन्सस प्रांतातील खडूच्या खडकातून आलेली काही हाडे मार्श यांच्या हाती पडली. सांगाडा पक्ष्याचा होता. पण सोबतच्या जबड्यात दात होते. पक्ष्याला दात कसे असतील? मार्श यांनी तो जबडा एका लहान सरपटणाऱ्या प्राण्याचा ठरविला व त्यास वेगळे नावही देऊन टाकले. पुढे भोवतीचा दगड अधिक कोरून काढल्यावर दोन्ही अवशेष एकाच जीवाचे असल्याचे दिसून आले. मार्श यांनी आपली चूक सुधारली. १८८० मध्ये दातांच्या पक्ष्यांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. स्वतः डार्विन यांनी पत्र पाठवून त्याची प्रशंसा केली.

मार्श यांचा स्वभाव मात्र उदार नव्हता. एडवर्ड कोप या विद्वानाशी त्यांची प्रथम मैत्री होती. पुढे दोघांत असे हाडवैर जडले, की एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी दोघेही घाईघाईने नव्या प्राण्यांना नावे देऊ लागले. मार्श यांनी डायनोसॉरच्या सुमारे ८० जातींना नावे दिली. मदतनिसांना श्रेय देण्यात ते फार कृपण होते, आणि ही उणीव त्यांना पुढे भोवली.

१८८१ मध्ये त्यांनी मांसाहारी डायनोसॉरांच्या गटाला थेरोपॉड, म्हणजे पशुपाद, असे नाव दिले, तर दुसऱ्या एका शाकाहारी गटाला पक्षिपाद म्हटले. गंमत अशी, की पक्षी उत्पन्न झाले ते या पशुपादांतून!

१८८९ मध्ये डेन्व्हर शहराजवळ एका पायाची व हाताची थोडी हाडे सापडली. पायाचे मधले हाड वरच्या बाजूस दोन्हीकडच्या हाडांत चिमटल्यासारखे बारीक झालेले होते. पक्ष्याच्या पायाशी असलेले साम्य पाहून मार्श यांनी १८९० मध्ये त्या प्राण्याचे नाव ऑर्निथोमिमस, म्हणजे पक्ष्याची नक्कल करणारा, असे ठेवले. तेवढ्या हाडांवरून संपूर्ण प्राणी कसा असेल, हे त्यांना पाहावयास मिळाले नाही. त्याच वर्षी कोप यांनी वर्तमानपत्रातून त्यांच्यावर उघड आरोप केले. १८९२ मध्ये सरकारी भूशास्त्र खात्यातील त्यांचे पद गेले व राहते घर गहाण पडले. १८ मार्च १८९९ रोजी ते निवर्तले, तेव्हा पेढीत त्यांचे अवघे १८६ डॉलर शिल्लक होते.

१९१७ मध्ये ऑस्बोर्न यांनी याच कुळातील एका प्राण्याच्या जवळजवळ पूर्ण सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. लांब मान, दात नसलेली चोच आणि लांब पाय : जणू शहामृगच! पुढे २०१२ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी ऑर्निथोमिमसच्या अंगावर पिसे असल्याचे दाखविले. प्रौढ प्राण्याच्या हातांवर पंखासारखी मोठी पिसे होती. पण तो उडत नसे. शहामृग त्याचा वंशज नव्हे. थेरोपॉडांच्या ज्या फांदीतून पक्षी निघाले ती निराळी. ऑर्निथोमिमस तिचा चुलत भाऊ म्हणावयाचा. वेगाने धावण्याच्या जीवनक्रमामुळे दोघांची शरीरे सारखी घडली.

डेन्व्हरजवळची ती हाडे येलच्या पीबडी संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहेत.