मातीची साक्ष वाचणारे सर आल्बर्ट हॉवर्ड

शेतकरी आपल्या शेताची कीर्द क्वचितच लिहितो. परंतु त्यानें जमिनीस काय दिलें व तिजपासून काय घेतलें, याची साक्ष माती देत असते. आणि ती देणारे साक्षीदार डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव होत. ही साक्ष वाचावयास शिकलेल्या एका गृहस्थाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ता. ८ डिसेंबर १८७३ रोजीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर ते वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या बुरशीरोगांचे तज्ज्ञ झाले. तेथें त्यांस एक गोष्ट सलूं लागली. ते शेतकऱ्यांस उपदेश करीत, पण तो कसून पाहावयास त्यांच्यापाशीं स्वतःचें शेत नव्हतें. म्हणून १९०५ सालीं बिहारांतील पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन आल्यावर त्यांनीं ७५ एकर जमीन मिळविली. शेजारची रयत औषधांवांचून निरोगी पिकें काढीत असे. हें पाहून त्यांनीं त्या रयतेसच गुरु केलें. शिकलेल्या मनुष्यास हें सोपें नसतें.

त्यांची पत्नी गॅब्रिएल याहि वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. उभयतांनीं काढलेल्या पुसा गव्हाच्या जाती प्रसिद्ध आहेत.

१९२४ ते १९३१ पर्यंत हॉवर्ड इंदूर येथील कृषिसंशोधन संस्थेचे प्रमुख होते. माळव्याची ती काळी, कपाशीची जमीन. तेथें त्यांनीं केरकचऱ्याचें खत करण्याची रीत बसविली. पऱ्हाट्या व तुराट्या रस्त्यावर पसरीत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखालीं त्या चुरडल्या जात. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल खड्ड्यांत पालापाचोळा, शेण, गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर घालीत, पाणी शिंपीत व तीन वेळां उलथीत. प्रथम बुरशी कामास लागे, मागाहून जीवाणू; सुमारें तीन महिन्यांत खत तयार होई. यशवंत वाड यांच्यासह त्यांनीं ही रीत १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. आमच्या खेड्यांत शेणाच्या गोवऱ्या होतात, त्याबद्दल बायकांस दोष देणें सोपें आहे. पण सरपण नसेल तर चूल कशानें पेटवावी?

पुढें १९३७-३८ सालीं हिंदुस्थान व सिलोन येथील चहाच्या मळ्यांत फिरतांना त्यांचें लक्ष मुळांकडे गेलें. एक जातीची बुरशी मुळांशीं सख्य करिते; तिचे धागे अर्धे मुळांत, अर्धे मातींत असतात. ती झाडास स्फुरद आणून देते व झाडापासून साखर घेते. कंपोस्ट घातलेल्या झाडांच्या मुळांत हे धागे विपुल, तर केवळ रासायनिक खतावरच्या झाडांत तुरळक आढळले. मूळ तपासावें आणि मालकाची शेती ओळखावी, असा तो प्रकार होता.

त्यांचें सर्वच म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. पिकांचे व जनावरांचे बहुतेक रोग निकृष्ट मातीपासूनच होतात, असें ते मानीत. इतका पुरावा त्यांच्यापाशीं नव्हता. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथील एका शेतांत १८४३ पासून रासायनिक खतांवरहि गहू पिकत आला आहे. मात्र जास्त स्फुरद व वारंवार नांगरट यांनीं ती बुरशी कमी होते, हें पुढील संशोधनानें दाखविलें.

हॉवर्ड ता. २० ऑक्टोबर १९४७ रोजीं वारले. आतां मातींतील जीवांचीं जनुकें वाचतां येतात. नांगर सोडून कित्येक वर्षें झालेल्या आणि रान माजलेल्या जागींहि, जुन्या शेताची माती शेजारच्या मूळ रानाच्या मातीहून त्यांवरून निराळी ओळखूं येते.